साहेबरावचा जबाब

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेऱ्या भाड्याच्या जागेत होत्या, पाट्यांचा रंग ताजा होता. त्या नव्या जिल्ह्यात धान्याच्या गोदामाला विषारी धुरी द्यायचं लायसन ज्या मोजक्या माणसांकडं होतं, त्यांत साहेबराव होता. शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातून तो हमालीला आला, मॅट्रिक असल्यामुळं त्याला प्रशिक्षणाला पाठवलं, आणि पाठीवरचं पोतं उतरलं. वस्तीत त्याला लोक 'गोळीवाले साहेब' म्हणायचे. बायको पंचशीला त्याच गोदामाच्या आवारात सांडलेलं धान्य झाडायची. तिचा धाकटा भाऊ ज्ञानोबा तिथल्याच टोळीत हमाल होता.

त्या वर्षी पाऊस हुलकावणी देऊन गेला. रोजगार हमीच्या कामावर मजुरीत गहू वाटायचा होता आणि गोदामातल्या गव्हाला सोंडे लागले होते. साहेबरावनं पोत्यांच्या थप्प्यांवर ताडपत्री ओढली, खाली विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या ठेवल्या, दारांच्या फटी कागदानं चिकटवल्या. ठरलेले दिवस गोदाम बंद ठेवायचं, मग पुरती हवा खेळवायची आणि मगच माणूस आत सोडायचा, असा नियम होता.

मुदत संपायच्या आधीच ट्रक येऊन उभे राहिले. गोदामपाल गुरुपादप्पा साहेबरावला म्हणाले, "गाड्या आल्या बघा. शिरूरच्या कामावरली माणसं उपाशी बसल्यात."

एवढंच बोलून ते आपल्या खोलीत गेले.

साहेबराव दारापाशी घुटमळला. शिरूरच्या कामावर त्याच्या गावची माणसं होती. शेवटी त्यानं मास्क चढवला, दारं उघडली, ताडपत्री ओढून काढली. मास्क एकच होता. थोडा वेळ हवा खेळू दिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते.

ज्ञानोबानं दारातून विचारलं, "दाजी, जाऊ का आत?"

साहेबरावनं बोलण्यापुरता मास्क वर केला. "जा."

दुसऱ्या खेपेला ज्ञानोबा थप्पीआड गेला तो बाहेर आलाच नाही. त्याला ओढून काढलं तेव्हा तो ओकत होता, ओठ निळे पडले होते. दवाखान्यात तो वाचला. पण छाती गेली. जिना चढला तरी धाप लागायची.

पंचनाम्याला माणसं आली, त्यांनी साहेबरावला गाठलं. "तुम्ही आत सोडलं का?" असं विचारल्याबरोबर त्याच्या तोंडून निघालं, "न्हाई साहेब. माझा इशारा व्हायच्या आत तो घुसला."

या जबाबावर टोळीच्या मुकादमानं ज्ञानोबाला टोळीतून काढलं. नियम मोडणारा माणूस नको, म्हणाला.

पंचशीला भावाकडं जाऊन-येऊन होती. घरी स्वयंपाक करायची, ताट वाढायची, पण नवऱ्याशी बोलायची नाही. एकदा तोच चिडून म्हणाला, "काय झालं ते तरी सांग."

"मी झाडत होते तिथंच," ती म्हणाली. "त्यानं इचारलं. तुमी जा म्हणलात. मास्क तुमच्या तोंडाला होता."

"लायसन गेलं तर खायचं काय आपण?"

"त्यो काय खातोय, ते बघायला आलात का एकदा तरी?"

साहेबराव उठून बाहेर गेला. त्याला तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, आणि तरी लायसनच्या सुनावणीच्या दिवसापर्यंत त्याचं मन ठरत नव्हतं.

परवाना अधिकाऱ्यांसमोर गुरुपादप्पा आधी बोलले. "मी दारं उघडा म्हणालो नाही. गाड्या आल्या, एवढंच सांगितलं." ते खरंच होतं. बाकावर ज्ञानोबा बसला होता, तोंड उघडं ठेवून श्वास घेत.

"तुमचा जबाब कायम आहे ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"न्हाई," साहेबराव म्हणाला. "त्यानं मला इचारलं होतं. मीच जा म्हणलो. मुदत झाली नव्हती, मला ठाऊक होतं."

"म्हणजे आधी खोटं सांगितलंत?"

"हाव."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "निष्काळजीपणाला काही काळ निलंबन झालं असतं. खोट्या जबाबामुळं आता लायसन रद्दच करावं लागेल. कळतं ना?"

"कळतं साहेब."

गुरुपादप्पांना समज देऊन सोडलं. मुकादमानं ज्ञानोबाला परत घेतलं, पण पोतं उचलायला नाही, तर पोत्यांची तोंडं शिवायला. मजुरी निम्मी झाली. साहेबराव शिरूरच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. तिथं मजुरीत तोच गहू मिळायचा. गावची माणसं त्याला ओळखून बाजूला जागा द्यायची, काही विचारायची नाहीत. त्याला वाटायचं, कुणीतरी शिवी द्यावी.

पंचशीला हळूहळू बोलू लागली. पिठाचं, पाण्याचं, तेवढंच.

सुट्टीला साहेबराव घरी आला तेव्हा ज्ञानोबा बहिणीकडं जेवायला बसला होता. साहेबराव म्हणाला, "जयभीम, ज्ञानोबा."

ज्ञानोबानं मान हलवली, पण हात ताटातच थांबला. घास उचलला जाईना. साहेबरावनं ते पाहिलं, खांद्यावरची पिशवी दाराशी ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आतून खोकल्याचा आवाज आला, मग पंचशीलाचा, "सावकाश जेव." थोड्या वेळानं भांडी वाजायला लागली.