हौशा छाप, वर्ग आठवा

कोणी वखराची पास दुरुस्तीला आणली की नागू मिस्त्री आधी तिची धार बघत नसत. ती उलटी करून पाठीवरून उजव्या हाताचा अंगठा फिरवत. ठसा लागला की पास भट्टीत जायची आणि शेतकऱ्याला बसायला पोतं मिळायचं.

औशात बसथांब्यामागे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. वखराखाली जमीन कापत जाणारं लांब लोखंडी पातं म्हणजे पास. मिस्त्री ती घडवत आणि वर 'हौशा' असा ठसा मारत. हौशा हा त्यांच्या वडिलांचा बैल. पहिली पास त्याच्याच वखरासाठी घडली होती. ठशाची पास कितीही वर्षांनी परत येवो, ते तिला फुकट धार काढून, पुन्हा पाणी पाजून, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करून देत. "छाप मंजी सही न्हाई, जबान हाय," म्हणायचे.

ते पहिल्यांदा माझ्या लातूरच्या ऑफिसात आले तेव्हा गोणपाटात गुंडाळलेली पास त्यांनी टेबलाच्या काचेवर ठेवली. काचेला चीर गेली. ती अजून आहे.

"वकीलसाहेब, ह्या नावाची रजिस्ट्री करा. मुरुडच्या बाजारात एकजण हौशा म्हणून पत्रा इकायलाय."

"मी वकील नाही, मिस्त्री. ट्रेडमार्क एजंट आहे."

"मंजी काळ्या कोटाबिगरचे. चालतंय."

नाव नोंदवताना ते कोणत्या मालासाठी, हे लिहावं लागतं. जगातल्या सगळ्या मालाचे वर्ग पाडलेले आहेत. हातानं चालवायची शेतीची अवजारं आठव्या वर्गात, बाकीची सातव्यात. मी विचारलं, "वखर हातानंच चालवतात ना?"

मिस्त्री विचारात पडले. "बैल वढतो, माणूस दाबतो. तुमच्या कायद्यात बैल कुठं बसतो, ते बघा आधी."

मी हसलो आणि बघितलं नाही. विळा, खुरपं आठव्यात जातात, मग पासही जाईल, म्हणून आठ लिहून टाकलं. कट वगैरे काही नव्हता, निव्वळ आळस. प्रमाणपत्र आलं, ते त्यांनी भात्याच्या वर टांगलं. वर्षभरात ते काळं पडलं. मी गेलो की धोतराच्या सोग्यानं काच पुसून म्हणायचे, "बघा, तुमचं नाव बी हाय खाली." एजंट म्हणून खरंच होतं.

नोंदणी दहा वर्षांची असते. मुदत संपत आल्याची सूचना माझ्या पत्त्यावर आली, तोवर मला कळलं होतं की बैलानं ओढायचं अवजार सातव्यात जातं. नूतनीकरण करायचं तर मिस्त्रींना बोलवावं लागणार, आणि बोलावलं की सांगावं लागणार की दहा वर्षं तुम्ही भलत्याच खणात नाव ठेवून निर्धास्त होता. मी ठरवलं, आठवा मरू द्यावा, गुपचूप सातव्यात नवा अर्ज करावा. येत्या सोमवारी. असे किती सोमवार गेले ते मलाच ठाऊक. यादीतून नाव निघालं. मग नांदेडच्या एका व्यापाऱ्यानं, जो पूर्वी मिस्त्रींकडूनच माल न्यायचा, 'हौशा' सातव्या वर्गात स्वतःच्या नावावर करून घेतलं. असा अर्ज ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलात छापून येतो आणि हरकतीला मुदत असते. त्या मुदतीत मी जर्नल उघडलंच नाही.

त्या व्यापाऱ्याची नोटीस घेऊन मिस्त्री आले. ठसा वापरणं बंद करा, असं तीत होतं.

"मंजी माझ्या बापाच्या बैलाचं नाव मी मारलं तर मी चोर?"

"नियम बदलले, मिस्त्री. सरकारी ऑफिसचा घोळ आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. ऑफिसात घोळ असतो, यावर आपल्याकडे कोणालाच पुरावा लागत नाही. नाव आधीपासून तुमचं, हे दाखवायला जुनी बिलं आणा, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. त्यांनी आयुष्यात बिल फाडलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

आठवड्यानं ते पोतं घेऊन आले. गावोगाव फिरून गोळा केलेल्या जुन्या पासा, झिजून बोटभर उरलेल्या.

"ह्यो घ्या पुरावा."

"यावर तारीख नाही, मिस्त्री."

"झीज बघा की. असली झीज वीस साल बिगर होत न्हाई."

मी म्हणालो, ऑफिस झीज वाचत नाही. पोतं कोपऱ्यात राहिलं. साफसफाईवाली बाई रोज त्यावरून कुरकुर करायची.

मिस्त्रींनी ठसा फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवला. तिकडे व्यापाऱ्याच्या पासा मात्र हौशा छाप म्हणून जिल्हाभर सुटल्या. गेल्या उन्हाळ्यात मी औशाला गेलो तर नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरचा एक शेतकरी दुकानात बसलेला. दोन बस बदलून आला होता. त्याच्या पासेला विळीसारखा बाक आला होता.

"नांदेडात घेतली, मामा. आमच्याकडं दगडच दगड. सारे म्हणून राहिले, हौशा हाय तर औशाला फुकट नीट होते."

मिस्त्रींनी अंगठा फिरवला आणि पास भट्टीत घातली. मी त्यांना बाजूला घेतलं.

"ही तुमची नाही. हिला पाणीसुद्धा पाजलेलं नाही."

"दिसतंय मला."

"नावही आता त्यांचं आहे. कायद्यानं."

"त्याला काय सांगू? इस्लापूरहून आलास, आता कायद्यानं वापस जा?" ते ऐरणीकडे वळले. "नाव वाचून आलाय बिचारा."

तो माणूस चहाला गेला, तेव्हा मी बोललो. आळस, आठवा वर्ग, सूचना, सोमवार, सगळं. मिस्त्री घण टेकून ऐकत होते.

"कागद तुमच्याकडं आल्ता?"

"हो."

"आन् मला म्हणालाव, ऑफिसचा घोळ."

"हो."

त्यांनी घण बाजूला ठेवला. त्यांनी शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. मग भात्यावरच्या काळ्या प्रमाणपत्राकडे हनुवटी केली.

"त्याच्यावर खाली नाव कुणाचं हाय?"

"माझं."

"मग आणा माघारी. नीट करून द्या." आणि तापलेली पास उचलून ते कामाला लागले. त्यानंतर त्यांनी मला वकीलसाहेब म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

मी ते पोतं उघडलं. ज्यांच्या पासा होत्या त्यांना मुरुडच्या बाजारात गाठून प्रतिज्ञापत्रं घेतली. व्यापाऱ्याची नोंदणी रद्द व्हावी म्हणून अर्ज केला. तारखा पडतात, सुनावणी स्क्रीनवर होते, आवाज तुटतो, पुढची तारीख पडते. दिवाळीनंतर मिस्त्री गेले. हृदयविकाराचा झटका, दुकानातच. अर्जावर वारस म्हणून आता त्यांच्या लेकीचं नाव लावलंय. त्या ठशाचं फडकं तिनं सोडलेलं नाही.

परवा माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र तयार झालं. नोंद का गेली, कोणामुळे गेली, तीन परिच्छेद. घोळ हा शब्द त्यात नाही. सही करायच्या आधी मी कागद उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. मग सरळ केला आणि खाली पूर्ण नाव लिहिलं.