सात नंबरचा सेट

मी सर्किटवाला माणूस. आवाज आला म्हणजे कुठेतरी बॅटरी आहे, एवढंच माझं अध्यात्म. कोणी असले अनुभव लिहिले की पहिला हसणारा मीच असायचो. त्यामुळे आता तुम्ही हसलात तर तक्रार नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत मी कामाला आहे. पूर आला, वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले की बोलायचं कसं — त्यासाठी आम्ही एक पेटी बनवतो. प्रवासी बॅगेएवढी पेटी, वर अँटेना, आणि सोबत हातात धरायचे सेट. जीपमध्ये टाकून कुठेही नेता येते. पेटीवर बसलेला माणूस दर पंधरा मिनिटांनी एकेक नंबर पुकारून हजेरी घेतो. ज्याचं उत्तर येत नाही त्याला शोधायला माणसं निघतात. पेटीवर बहुतेक वेळा मीच असतो.

मागच्या वर्षी मे महिन्यात ठाकुर्लीच्या खाडीलगतच्या एका वस्तीत आम्ही सराव घेतला. भर दुपार, डोकं तापवणारं ऊन. सरावात प्रत्येकाला एक चिठ्ठी देतात — ‘पायाला लागलंय’, ‘पाच जण अडकलेत’ वगैरे — आणि हजेरीला त्याने ती वाचायची. चिठ्ठ्या मीच लिहिलेल्या. सहा सेट, सहा चिठ्ठ्या. सातवा सेट बिघडलेला होता. बॅटरी काढून माझ्यासमोर टेबलावर पडलेला.

सहाव्याचं उत्तर झालं आणि पेटीतून आवाज आला, "सात नंबर. पानी ओट्याव आयलाय. होडीचा इंजिन काढाला मागल्या खोलीत जातंय."

आगरी बोली, दमलेला आवाज, मागे पाण्याचा खळखळाट. शेजारी बसलेले आमचे कुलकर्णी सर एकदम खूश. "वा, पवार! ही चिठ्ठी झकास लिहिलीत हो."

इथे माझं चुकलं. मला वाटलं, सरांनीच कोणाला तरी जादा चिठ्ठी दिली असणार. सरांना वाटलं, ती माझी. दोघंही हसत चहाला उठलो. टेबलावरच्या सेटकडे मी बघितलंसुद्धा नाही. पुढच्या हजेरीला सात काही बोलला नाही, तेही कोणाच्या लक्षात आलं नाही. रजिस्टरमध्ये मी शेरा मारला — ‘सात नंबर : अभिनय उत्तम.’

जुलैत त्याच वस्तीत खरोखर पाणी शिरलं. पेटी शाळेच्या पहिल्या मजल्यावर लावली. दुरुस्त झालेला सात नंबर बाळारामदादांना दिला. पन्नाशीचे, तिथलेच राहणारे; एकेकाळी त्यांच्या घरची मिठागरं होती. त्या सकाळपर्यंत मी त्यांना ओळखतही नव्हतो.

दुपारी दोनच्या हजेरीला मी सात पुकारलं.

"सात नंबर. पानी ओट्याव आयलाय. होडीचा इंजिन काढाला मागल्या खोलीत जातंय."

तोच आवाज, तेच शब्द, तोच खळखळाट. सरावात या वाक्यानंतर सात पुन्हा बोललाच नव्हता, एवढंच डोक्यात आलं. मी ओरडलो, "दादा, आत जाऊ नका! बाहेर या, आत्ता!"

"अरं, काय झायला?"

"बाहेर या म्हणतो ना! पोराबाळांची शपथ आहे तुम्हाला!"

शिव्या घालतच ते ओट्यावरून उतरले. पाच मिनिटांत मागली खोली भिंतीसकट, इंजिनासकट पाण्यात गेली. संध्याकाळी शाळेत येऊन त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

गोष्ट इथे संपली असती तर मीही देवाची कृपा म्हणून गप्प बसलो असतो. पण पेटी सगळं रेकॉर्ड करते. पंधरवड्याने ऑफिसात मी मेमधल्या सरावाचं रेकॉर्डिंग काढलं. ते वाक्य आहे. मग आम्ही चहाला उठलो, ती शांतता आहे. आणि मग... माझा आवाज. ‘सात नंबर, उत्तर द्या. सात नंबर... बाळारामदादा, बोला ना... दादा...’ मी हुंदके देतोय.

मे महिन्यात मला ते नाव माहीत नव्हतं. आणि जुलैत तसं पुकारायची वेळच आली नाही.

कुलकर्णी सरांना ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "हे पुसून टाका, पवार," एवढंच म्हणाले. मी पुसलेलं नाही. दुसऱ्या कोणाचा सिग्नल घुसला असेल, फाइल खराब झाली असेल — सगळं तपासून झालं, एकही उत्तर बसत नाही. जे टळलं ते हे, की जे व्हायचंय ते हे... मला कळत नाही, आणि मी घाबरलोय.

बाळारामदादा यंदाच्या पावसातही आमच्या मदतीला येणार आहेत. नवीन इंजिन घेतलंय, आणि सेट सातच हवा म्हणतात. "तो माना लाभलाय."

तो सेट मी बॅटरी काढून माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलाय. त्याच्या जागी नवीन सेट घेतलाय, त्याला आठ नंबर दिलाय; हजेरीत सहानंतर थेट आठ पुकारतो. ऑफिसातले हसतात, हसू देत. रेकॉर्डिंगमधला आवाज माझाच आहे, यात शंका नाही. फक्त तसा मी अजून कधी रडलेलो नाही.