गेवराईला मागं घ्या

मोबाईलच्या कडेवर नखानं टकटक करायची शेजारच्या कंडक्टरसाहेबांना खोड होती. एस्टीतून निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी कंडक्टरचा हात दांडीवर पंच वाजवायचं विसरला नव्हता. टकटक झाली की मी समजायचं, आता उपदेश येणार.

"दोन पावलं राखून ठेवा, गुरुजी. समदी आताच काहून खर्च करता?"

मोबाईलवरचा तो खेळ असा. आपले चार शिपाई, समोरच्याचे चार. एक चाल आपण द्यायची, मग एक त्यानं. समोरचा परगावी असला तरी चालतं. त्यानं सवडीनं चाल दिली की आपल्या मोबाईलवर दिसते. केजच्या आमच्या गल्लीत पन्नाशीनंतर हे शिकणारे आम्ही दोघंच. ते शिकवायचे आणि मी माझे शिपाई मारवून घ्यायचो.

"आदी भिंत बघा, मग दुश्मन. आन् चौघं एका जागी उभे करू नका, लगीन हाय का तिथं?"

एकदा हौसेनं मी शिपायांना सासरच्या मंडळींची नावं दिली. मेव्हणा पहिल्याच चालीत गेला. बायकोनं दिवसभर चहा विचारला नाही.

"जित्या माणसाचं नाव देत न्हाईत," ते म्हणाले. त्यांच्या शिपायांना जुन्या फेऱ्यांतल्या गावांची नावं होती. "युसूफ वडगाव जखमी हाय, गेवराईला मागं घ्या," हे ते इतकं गंभीरपणे म्हणत, की तुम्हीही हसला नसता.

एक मात्र मला कळेना. समोरच्याचा शिपाई उघड्यावर सापडला तरी ते गोळी घालत नसत. आपला माणूस मागं घेत आणि चाल देऊन टाकत.

"मारा की," मी म्हणालो. "डाव संपेल."

"तेच तर," ते म्हणाले, आणि आपला शिपाई मागं घेतला.

समोर त्यांचा मुलगा होता. कॉलेजातली कायमची नोकरी सोडून तो पुण्याला असले खेळ बनवायला निघाला, तेव्हा "पोरखेळच करायचा तर या घरात येऊ नको" असं हे बोलून गेले होते. तो आला नाही. फोनही थांबले. मग पोरानं बनवलंय तरी काय, ते बघायला यांनी हा खेळ घेतला, स्वतःचं पूर्ण नाव घालून. थोड्याच दिवसांत त्या नावाला मुलाकडून डावाचं आमंत्रण आलं. तेव्हापासून रोज एक चाल इकडून, एक तिकडून. बोलणं नाही. सकाळी चाल आली की ते म्हणत, "उठलाय." उशीर झाला की अंगणात येरझाऱ्या.

मागच्या हिवाळ्यात ते दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मुलगा आला. अंत्यविधी आटोपल्यावर वडिलांचा मोबाईल घेऊन माझ्याजवळ ओट्यावर बसला.

"तुझ्या माणसाला त्यांनी कधी गोळी घातली नाही," मी म्हणालो.

"मला माहीत हाय, काका. मी बी भिंतीलाच मारत होतो."

चाल वडिलांची होती. आठवडाभर दिली नाही तर डाव आपोआप बंद होतो आणि समोरचा विजयी ठरतो. हा नियम त्यानंच लिहिलेला. तो पडद्याकडं बघत राहिला. मग वडिलांची चाल त्यानं दिली.

दोन्ही मोबाईल घेऊन तो पुण्याला गेला. परवा त्याचा फोन आला, आईकडं लक्ष असू द्या म्हणायला. मला राहवेना.

"कोण जिंकतंय रे?"



"कुणीच न्हाई, काका. चालू हाय."