नापास कागद

धुळ्याच्या कोर्टासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. नेत्यांच्या सोशल मीडियावरच्या पोस्ट तक्रारीला जोडायला लोक त्याच्याकडून छापून घेत. मीही बातमीसाठी जायचो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

कागद हातात देण्याआधी तो चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येक ओळ वाचायचा. "खरं शे का? गरज शे का? त्याना तोंडवर म्हनता यी का?" एवढं स्वतःशी पुटपुटायचा आणि नापास झालेला कागद पालथा ठेवायचा.

"नाना, जज्ज झाले का तुम्ही?" वकील चिडवत.

"जज्जले पगार शे. माले नुसता ताप."

निवडणूक जवळ आली तसे सगळ्याच पक्षांचे कागद पालथे पडू लागले.

एका दुपारी, शेजारच्या टेबलावर अर्ज लिहिणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातून नानाच्या कागदांवर चहा सांडला. दोघं वीस वर्षं एका डब्यात जेवत. तरी हा ताडकन ओरडला आणि त्याने म्हाताऱ्याला जातीवरून शिवी दिली. ती सकाळीच छापलेल्या एका पोस्टमधली होती. ती पोस्ट त्याने तिन्ही प्रश्नांवर नापास केली होती.

म्हाताऱ्याने आपलं टेबल उचलून रस्त्यापलीकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी माझे कागद त्याने न वाचताच पुढे केले. मी कारण विचारलं.

"वाची वाची सारं पाठ व्हई गयं, भाऊ," तो म्हणाला.