तीन फुटांची गल्ली

रविवार, एकवीस एप्रिल 2024. फिटिंगसकट एसीचे एक्केचाळीस हजार दोनशे. हजर: मी, माझी बायको, खालच्या मजल्यावर राहणारे दादा आणि वहिनी, आणि मेकॅनिक.

बडा गणपतीच्या देवळामागे आमचं घर आणि शेजाऱ्यांची इमारत यांच्यामध्ये तीन फुटांची गल्ली आहे. एसीचं बाहेरचं मशीन गच्चीवर न्यायचं तर चौदा फूट तांब्याचा पाइप जास्त लागणार होता, म्हणजे साडेतीन हजार. मेकॅनिक म्हणाला, "भिया, पाइप जितना छोटा, कूलिंग उतनी बढ़िया." सगळ्यांनी गल्लीत वाकून पाहिलं आणि दादाच म्हणाला, लावून टाक इथेच. मशीन गल्लीत बसलं, वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वर.

गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून खाली यायची. मे महिन्यात वहिनींनी खिडकी बंद केली. बंद खोलीत शेगडीपुढे बसवेना, तिथवर थोडी थंड हवा यावी म्हणून दादानेही हॉलमध्ये एसी घेतला आणि त्याचं मशीनही गल्लीतच लागलं. त्यानंतर आमचा एसी जास्त वेळ चालू लागला. बिलावर तीनशे दहाचे तीनशे नव्वद युनिट झाले. मी गल्लीत थर्मामीटर टांगला. रस्त्यावर एक्केचाळीस अंश असेल तेव्हा गल्लीत सेहेचाळीस.

जूनच्या सुरुवातीला दादाची मुलगी सुट्टीवर आली. ती गोव्याला समुद्राच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या एका संस्थेत आहे. महिना-महिना जहाजावर असते. तिने खिडकी उघडून हात बाहेर धरला आणि मला हाक मारली.

"काका, आम्ही समुद्रात हेच मोजतो."

मग तिने सांगितलं. कारखाने नव्हते तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत दोनशे ऐंशी भाग होता, आता चारशे वीसच्या वर गेला आहे. आपण सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो, नाहीतर आकडा आणखी वर असता. पण पाणी तापलं की त्याची घेण्याची ताकद कमी होते. मग हवेत जास्त उरतो, हवा अजून तापते, तिच्यामुळे पाणी अजून तापतं.

मला ते पटलं. मी विचारलं, किती कमी घेईल? ती म्हणाली, वेगवेगळे अंदाज आहेत, सगळं एकसारखं जुळत नाही, काही ठिकाणी तर मोजणीच पुरेशी नाही. मी म्हणालो, आकडाच नक्की नाही तर आत्ताच एवढी काळजी कशाला.

"नक्की आकडा मिळेल तेव्हा ते होऊन गेलेलं असेल, काका. तुम्ही मशीन तरी वर न्या."

मी म्हणालो, एक पूर्ण उन्हाळा मोजू दे, म्हणजे फरक मशीनमुळे किती आणि उन्हामुळे किती ते कळेल. दादाही म्हणाला, घाई नको. आठवड्याभरात पाऊस आला, गल्ली थंड झाली आणि विषय मागे पडला.

पुढच्या एप्रिलला मी पुन्हा थर्मामीटर टांगला. एकच उन्हाळा मोजून तुलना होत नाही, असं माझं मत होतं. वहिनी खालून म्हणायच्या, "भाऊजी, आज पोळ्या लाटू की नको? विचारा तुमच्या थर्मामीटरला." आम्ही हसायचो, त्याही हसायच्या.

मे महिन्यात एके दुपारी त्या शेगडीपाशीच कोसळल्या. दोन दिवस सलाइन लागलं. मी दुसऱ्याच दिवशी मेकॅनिकला बोलावलं. दोन्ही मशिनं गच्चीवर न्यायला दुपारचं जेवण होईपर्यंतचाही वेळ लागला नाही. वर्षभर ज्याचा मी अभ्यास करत होतो ते काम एवढंच होतं.

पण गल्लीचा पारा फारसा उतरला नाही. आमच्या गरम हवेला कंटाळून शेजाऱ्यांनी मधल्या काळात आपली दोन मशिनं गल्लीत लावली होती. मी त्यांना विनंती करायला गेलो. ते सरळ म्हणाले, "सुरुवात तो आपने की थी, भाईसाहब." मी घरी परत आलो.

दादाने शहराच्या दुसऱ्या टोकाला, सांवेर रोडकडे एक फ्लॅट पाहिला. मी म्हणालो, आता खिडकीवर छज्जा बसवू, पंखा लावू. तो शांतपणे म्हणाला, "आता नुसत्या मशीनचा प्रश्न राहिला नाही रे. तिला त्या खोलीत जायची भीती वाटते." सव्वीस वर्षं आमचे दोन्ही संसार त्या घरात होते. सणाचा स्वयंपाक खाली एकाच शेगडीवर व्हायचा.

पुतणीला फोन केला तेव्हा तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. नव्या फ्लॅटमध्ये किती एसी लावणार, एवढंच विचारलं. मी सांगितलं, तीन.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सामान निघालं. टेम्पोवाल्याचे अठ्ठावीसशे ठरले होते. दादा खिशात हात घालत होता, तोवर मी ते देऊन टाकले. दोन हमालांचे आठशे मात्र वहिनींनी दिले. मी पुढे केलेल्या नोटा त्यांनी माझ्या हातात परत ठेवल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, हे आमचं आम्ही देतो."