चौऱ्याण्णव मीटर

३ फेब्रुवारी, सकाळचे साडेसहा. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागलेल्या जहाजाजवळ आम्ही चौघे हजर होतो. लडाखचे सुभेदार नोर्बू, होशियारपूरचा ड्रायव्हर नाईक बलबीर, बर्फाचा अभ्यास करणाऱ्या सावंतवाडीच्या डॉ. परब आणि मी, हवालदार, वाहन दुरुस्ती. पट्ट्यांवर चालणाऱ्या दोन स्नो व्हेईकल, मागे बर्फावरून ओढायच्या दोन स्लेज, स्लेजवर अठ्ठेचाळीस पिंपं डिझेल. एका पिंपात दोनशे लिटर, म्हणजे नऊ हजार सहाशे लिटर. संशोधन केंद्राच्या हिवाळ्याच्या साठ्यातली ही शेवटची खेप होती. केंद्र शंभर किलोमीटर आत.

सैन्यातून आम्हाला मोहिमेबरोबर पाठवलं होतं ते गाड्या, जनरेटर आणि वाहतूक सांभाळायला. माझी ती दुसरी मोहीम, लागोपाठच्या वर्षी. रोजचं काम ठरलेलं. पाचला उठायचं, इंजिनं हीटरवर लावायची, तापमान आणि इंधन वहीत लिहायचं. माझ्या वहीची केंद्रात थट्टा व्हायची.

"दादा, चायेत साखरेचे दाणे पण मोजून घालतास काय?" डॉ. परब विचारायच्या. चारचौघांत मी त्यांना मॅडम म्हणायचो, गाडीत दोघेच असलो की आमची मालवणी सुरू व्हायची.

वाटेत एकतिसाव्या किलोमीटरला बर्फात मोठी भेग आहे. वरून बर्फाचा पूल धरलेला असतो, त्यामुळे ती दिसत नाही. ओलांडायची जागा एकच, बारा मीटर रुंद. दोन्ही बाजूंना झेंडे रोवलेले असायचे. नोर्बूसाहेब तिथे गाडी थांबवायचे, कमरेला दोर बांधून लोखंडी सळईने बर्फ टोचत पुढे चालायचे, मगच गाडी. याला पाऊण तास लागायचा.

त्या दिवशी साडेनऊला ढग खाली आले. आकाश आणि जमीन एकाच रंगाची झाली. झेंडे गाडले गेले होते की दिसत नव्हते, कळेना. वारा वाढत होता. मी रेडिओवर म्हणालो, "साहब, उस जगह के पॉइंट मेरे पास हैं. पाँच-पाँच रीडिंग लेकर निकाले हैं. चालीस मिनट बचेंगे."

नोर्बूसाहेब म्हणाले, "बोल. तेरा आंकड़ा गलत नहीं होता."

मी आकडे वाचले, बलबीरने जीपीएसमध्ये घातले. त्या दोघांची गाडी पुढे, डॉ. परबांची आणि माझी साठ मीटर मागे.

डॉ. परब बाजूला डुलक्या घेत होत्या. डोळे उघडून त्यांनी विचारलं, "पॉइंट कधीचे, दादा?"

"गेल्या फेब्रुवारीचे."

त्या ताडकन उठून बसल्या. "तेंका थांबवा! बर्फ सरकता हय!"

मी रेडिओ उचलला तेव्हा दहा बावन्न झाले होते. "रुको" म्हणेपर्यंत पुढच्या गाडीचा मागचा भाग खाली गेला. पुढचे पट्टे पलीकडच्या काठावर, मागची बाजू भेगेत. स्लेजची कडी ताणून गाडी लटकली होती. आणि चोवीस पिंपांची ती स्लेज हळूहळू भेगेकडे ओढली जात होती.

मी गाडी थांबवून खाली उडी मारली. रेडिओवर नोर्बूसाहेबांचा आवाज आला. नेहमीसारखाच.

"कोई दौड़ेगा नहीं. बलबीर ठीक है. मैं ठीक हूँ. स्लेज को पीछे से पकड़ो."

पकडायचं म्हणजे आमच्या गाडीवरच्या विंचची, ओढयंत्राची, तार त्या स्लेजच्या मागच्या कडीला लावायची. मधे पंचेचाळीस मीटर. मी तार घेऊन निघणार तोच डॉ. परबांनी त्यांचा मोजणीचा ॲल्युमिनियमचा खांब माझ्या हातात दिला आणि माझ्या कमरेला दोर बांधला.

"खाडीच्या तोंडार तुमचे बाबा काय करतत? तसा करा."

माझं गाव देवबाग. पावसाळा संपला की खाडीच्या तोंडाशी वाळू कुठे साठली आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. पहिली होडी निघते तेव्हा पुढे एक माणूस बांबू घेऊन उभा राहतो आणि दर हाताला तळ बघतो. लहानपणी मी एकदा बाबांना म्हणालो होतो, वाट माका म्हायती आसा. ते म्हणाले, "ती गेल्या वर्साची. औंदाची बघ." हे ऐकत मोठा झालेला मी, आणि मीच वर्षाचे जुने आकडे दिले होते.

खांब रोवायचा, वजन टाकायचं, एक पाऊल. दोनदा खांब आरपार गेला, दोनदा बाजूने वळलो. पंचेचाळीस मीटरना बावीस मिनिटं लागली. कडी लावून हात वर केला. डॉ. परबांनी विंच चालू केला. तार ताणली, स्लेज थांबली.

अकरा चाळीसला बलबीर छताच्या झडपेतून बाहेर आला, पलीकडच्या काठावर उतरला. त्याच्यामागून नोर्बूसाहेब. बलबीर पलीकडून ओरडला, "हवालदार साहब, चाय में चीनी गिनके डालना, रास्ता मैं देख लूँगा!" मला हसू आलं.

हवा निवळल्यावर डॉ. परबांनी मोजलं. ओलांडायची जागा वर्षभरात चौऱ्याण्णव मीटर उत्तरेला गेली होती. झेंडेही बर्फाबरोबर तिथेच गेलेले. दोन दिवसांनी दुसऱ्या गाडीने खेचून पुढची गाडी काढली. पिंप एकही गेलं नाही.

केंद्राच्या वाटेच्या वहीत रिपोर्ट लिहायचा होता. नोर्बूसाहेब म्हणाले, "मौसम लिख दे, कोई पूछेगा नहीं. पर अगले साल वाला लड़का यही किताब पढ़ेगा." मी लिहिलं: आकडे वर्षाचे जुने होते, तारीख पाहिली नाही, चूक माझी. खाली सही केली. त्यांनी शेजारी स्वतःची सही केली आणि लिहिलं, "आंकड़े मैंने मान लिए थे."

त्यानंतर तिथे एकही गाडी खाली गेलेली नाही. दर वर्षी नवी तुकडी आधी ते पान वाचते, मग सळई घेऊन चालते, मग नवे आकडे लिहिते.

त्या मोहिमेनंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात भारतात, उत्तरेच्या सीमेवर, नोर्बूसाहेबांच्या चौकीजवळ हिमस्खलन झालं. गाडलेल्या दोन जवानांना नोर्बूसाहेबांनी बाहेर काढलं. दोघे आज नोकरीत आहेत. दुसऱ्या कड्यावरून आलेल्या बर्फाखाली साहेब गेले. वय एक्केचाळीस.

केंद्रातल्या मुलांनी भेगेवरच्या त्या जागेला त्यांचं नाव दिलं. नकाशावर नाही, वाटेच्या वहीत. डॉ. परब अजून मोजणीला जातात. परवा त्यांचा फोन आला, तेव्हा मी देवबागला अंगणात होतो.

"दादा, लिवन घ्या. नोर्बूसाहेब औंदा एक्क्याण्णव मीटर सरकले."

मी वही आणली आणि आधी तारीख घातली.