एक धडा पुढे

"पोर्शन किती राहिला?"

शिकवणारा कुणीही भेटो, हा प्रश्न विचारल्याशिवाय आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना चैन पडत नसे. योगासनांच्या बाईंना विचारून झालं, पोहण्याच्या कोचला विचारून झालं, आणि एका जुलै महिन्यात, ऑरेगनमधल्या एका कॉलेजच्या हिरवळीवर, झिम्बाब्वेहून आलेल्या संगीतकारालाही त्यांनी तो विचारला. चष्मा कपाळावर ढकलायचा, पेनाचं टोपण काढून मागे खोचायचं आणि मान जरा तिरकी करून विचारायचं. तुमच्याही ओळखीत असा एक माणूस असेलच. नसेल तर आरशात बघा.

मूळचे पुण्याचे. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आमच्याच अपार्टमेंटमध्ये, बरोबर आमच्या डोक्यावर राहायचे. नोकरी नेटवर्किंगच्या कंपनीत. काम काय, तर माहिती इकडून तिकडे जाताना जो उशीर होतो तो कमी करायचा. क्षणाचा कुठलासा बारीक तुकडा वाचवला म्हणून त्यांच्या टीमनं एकदा केक कापला, तर त्या केकलाही हे सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. "आपण एक धडा पुढे असलेलं बरं, वहिनी," हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. लेकीची, सईची, शाळेची पुस्तकं ते तिच्या आधी वाचून ठेवत. ती सातवीत होती तेव्हा यांचं आठवीचं अल्जिब्रा उरकलेलं होतं. शाळेतून येऊन बापाला काही नवीन सांगावं, अशी सोयच त्या पोरीला उरली नव्हती.

मग सईनं असं काहीतरी शोधलं जे बापाला आधी वाचून ठेवता येणार नव्हतं. तिच्या हायस्कूलमध्ये मरिंबाचा बँड होता. मरिंबा म्हणजे टेबलाएवढं, लाकडी पट्ट्यांचं वाद्य. झिम्बाब्वेतल्या शोना लोकांची गाणी ही मुलं त्यावर वाजवत. सई त्यात गेली, तिथून म्बिरा नावाच्या छोट्या वाद्याकडे वळली, आणि एक दिवस घरी जाहीर केलं की सुट्टीत शोना संगीत-नृत्याच्या फेस्टिव्हलला जाणार. आठवडाभर वर्कशॉप, ऑरेगनला.

आमच्या मराठी मंडळात बातमी पोचायला वेळ लागला नाही. "झिम्बाब्वे? अगं, तबला काय वाईट होता?" एक काकू हळहळल्या. दुसरीनं आवाज खाली आणून विचारलं, "यानं कॉलेज अ‍ॅडमिशनला काही फरक पडतो का गं?" पडत असावा, असं कुणीतरी म्हणालं. झालं! पुढच्याच महिन्यात आणखी तीन कुटुंबं मरिंबाची चौकशी करत शाळेच्या दारात उभी. तबला राहिला बाजूला.

सईला परवानगी मिळाली ती एका अटीवर, की ड्राइव्ह करून बाबा नेणार. तिची आई फार्मसीत होती. ती म्हणाली, "जा, जा, दोघंही जा. आठवडाभर घरात शांतता तरी मिळेल." मी सोबत निघाले ती डॉक्टरच्या कृपेनं. त्यानं सांगितलं होतं, हालचाल करा. घरी घेतलेल्या ट्रेडमिलवर आम्ही टॉवेल वाळत घालायचो. म्हणून मी फेस्टिव्हलमधल्या नाचाच्या वर्कशॉपला नाव दिलं.

तिथली गंमत काय सांगू तुम्हाला! पोर्टलंडचे दातांचे डॉक्टर, सिअ‍ॅटलच्या निवृत्त वकीलबाई, सगळे आफ्रिकन छापाच्या कपड्यांत, डोक्याला फडकी बांधून, एकमेकांना मिठ्या मारत फिरत होते. म्बिरा छेडून अंगठे सोललेले, म्हणून जो तो अंगठ्याला पट्टी लावलेला, आणि ती पट्टी दिसेल असा हात धरून बोलणारा. जीन्स आणि टोपी घातलेले तेवढे खरे झिम्बाब्वेचे शिक्षक. आमच्या नाचाच्या बाई म्हणाल्या, गुडघे वाकवा, जमिनीच्या जवळ जा. वर्षानुवर्षं खुर्चीत मुरलेले माझे गुडघे जमिनीच्या जवळ गेले ते तिथेच राहिले. दोघींनी धरून उठवलं मला.

आमचे गृहस्थ सावलीत लॅपटॉप घेऊन बसणार होते. पहिला दिवस बसलेही. दुसऱ्या दिवशी बघते तर स्वारी म्बिराच्या बिगिनर वर्गात. वर्ग गोलात बसलेला होता, पण त्यातही यांनी पहिली रांग शोधून काढली होती.

"अहो, हे काय?" जेवताना मी विचारलं.

ते ताटातलं सॅलड इकडून तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, घरी ती माझ्याशी 'ओके' आणि 'फाइन' एवढंच बोलते. काल मी खिडकीतून बघितलं, इथे ती हसते हो. पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. त्याआधी एक गाणं तिच्याबरोबर वाजवायचंय मला. एकच."

मला वाईट वाटलं त्यांचं, आणि तसं वाटल्याचा थोडा रागही आला.

म्बिरा म्हणजे लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडाच्या चपट्या पट्ट्या. अंगठ्यांनी आणि एका बोटानं त्या छेडायच्या. फळीवर बाटलीची झाकणं सैलसर ठोकलेली असतात, ती सुराबरोबर झिणझिणतात. आमच्या इंजिनिअरला वाटलं, हा डिफेक्ट. रात्रीतून त्यांनी सगळी झाकणं चिकटपट्टीनं घट्ट बसवली आणि सकाळी मोठ्या अभिमानानं म्बिरा वर्गाच्या झिम्बाब्वेच्या गुरूंपुढे ठेवला. "सर, नॉइज काढून टाकला." सरांनी एक सूर वाजवून बघितला. मग नखानं एकेक चिकटपट्टी सोलत बसले. शेवटची सोलून झाल्यावर म्हणाले, "बाबा, तुम्ही भाजीतलं मीठच काढून टाकलंत."

शोना भाषेतही वडिलांना बाबाच म्हणतात. त्यामुळे दोन दिवसांत अख्खा फेस्टिव्हल, दातांच्या डॉक्टरांसकट, यांना बाबा म्हणू लागला. सई तेवढी त्यांना बाबा म्हणायचं टाळून "हे, लिसन" असं म्हणायची.

सरांचं आणि यांचं मात्र गूळपीठ जमलं. एका दुपारी दोघं झाडाखाली डोक्याला डोकं लावून, गंभीर चेहऱ्यानं, हळू आवाजात बोलत होते. आमच्या पुण्याहून आलेला चिवडा मध्ये ठेवलेला. फडकं बांधलेल्या वकीलबाई हातभर अंतरावर श्वास रोखून उभ्या. मला म्हणाल्या, "केवढी ऊर्जा आहे! ते पूर्वजांबद्दल बोलतायत ना?" मी जरा पुढे जाऊन कान दिला. पायचीतच्या एका निर्णयावर वाद चालला होता. अख्ख्या कॉलेजात क्रिकेट कळणारी ती दोनच माणसं. मी बाईंना सांगितलं, "हो, पूर्वजांबद्दलच." त्यांनी डोळे मिटून घेतले.

आठवडा संपताना यांनी सरांना तो प्रश्न विचारलाच. पोर्शन किती राहिला? सर पोट धरून हसले. "बाबा, हे गाणं माझ्या आजोबांच्या आजोबांपासून चालू आहे. त्यांचाही राहिलाच होता."

पुढचं सगळं वर्ष आमच्या छताला म्बिरा लागला होता. इंटरनेटवरून आणखी चार गाणी उतरवून त्यांनी तीही सुरू केली होती. एक धडा पुढे, दुसरं काय!

खरी अडचण निराळी होती. सईबरोबर वाजवायचं जे गाणं, ते दोघांचं होतं. एकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं तेच वाजवायचं, पण एक ठोका मागून. पहिल्याच्या सुरांमधल्या फटींत दुसऱ्याचे सूर पडले की दोघांपैकी कुणीच वाजवत नसलेलं असं काहीतरी ऐकू येतं. सई पहिली, हे दुसरे. आता बघा, जन्मभर उशीर कमी करण्याचा पगार घेतलेला माणूस! त्याला सांगितलं, मुद्दाम उशिरा या आणि उशिराच राहा. पाचसहा सूर हे इमानानं मागे राहत. मग हळूच वेग वाढे आणि तिला गाठत. दोघांचे सूर एकावर एक पडले की गाणं सपाट होऊन जाई.

"बाबा, यू आर ऑन माय नोट्स!" वरून सईचा आवाज येई. मग दार आपटल्याचा.

दुसऱ्या वर्षी फेस्टिव्हलला सरांनीही सांगून बघितलं. "बाबा, तिला गाठू नका. गाठलंत की गाणं मेलं."

"यस सर," म्हणून गृहस्थ ते लिहून घेत, आणि पुढच्याच फेरीला तिला गाठत.

शेवटच्या संध्याकाळी विद्यार्थ्यांसाठी स्टेज मोकळं असतं. सई हो म्हणाली होती. ऑगस्टमध्ये ती बॉस्टनकडे जाणार होती, यापुढे संधी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. यांनी इस्त्रीचा झब्बा घातला. सुरुवात छान झाली. मी मागच्या रांगेत हाताची मूठ आवळून बसले होते. राहा, मनात म्हणत होते, राहा हो मागे. थोडा वेळ राहिले. मग वेग वाढला, गाठलं, आणि या वेळी गाठून थांबले नाहीत, तिच्याही पुढे निघून गेले. सईनं हात मांडीवर ठेवले. यांच्या लक्षातच आलं नाही. एकटेच सपासप वाजवत त्यांनी गाणं पूर्ण केलं, घाम पुसला आणि वाकून नमस्कार केला. फडकीवाल्या मंडळींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ती मंडळी खुर्ची पडली तरी उभं राहून टाळ्या वाजवायची. यांनी हसून शेजारी बघितलं, तर शेजारी सई नव्हती.

ती जेवायलाही आली नाही.

परतीला गाडी सई चालवत होती. नुकतं लायसन्स मिळालेलं. हे शेजारी बसले होते, मी मागे. फोनमध्ये नकाशे येण्याआधीचे दिवस ते, त्यामुळे मांडीवर रस्त्याच्या सूचनांचे छापलेले कागद, आणि अर्थातच उघडलेलं पान पुढचं. "सई, आता लेन बदल. अजून पाच मैल आहेत, पण आत्ताच बदल. त्याच्यानंतर एक उतार आहे. उतार संपला की..." पायानं नसलेला ब्रेक दाबणं चालूच.

कॅलिफोर्नियाची हद्द लागल्यावर एका रेस्ट एरियात तिनं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"बाबा, मी काहीही करायच्या आधी तुम्ही ते ऑलरेडी केलेलं असतं." आवाज फुटला तिचा. "एव्हरी सिंगल थिंग. मला कुठे जायला जागाच नाहीये. तुम्ही मागे बसा. प्लीज."

मला वाटलं, आता व्याख्यान होणार. पण गृहस्थ दार उघडून उतरले, कागद माझ्या हातात दिले आणि मागे जाऊन बसले. मी पुढे आले. शास्ताचा बर्फाचा डोंगर आला आणि गेला, एरवी यांनी त्याची उंची सांगितली असती.

रेडिंग गाव मागे पडल्यावर सई गुणगुणायला लागली. तिचं तिला तरी कळत होतं की नाही कोण जाणे. तेच गाणं, तिचा पहिला भाग. मागे पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, आता नको हो, कृपा करा. पण म्बिरा वाजायला लागला, अगदी हळू. तिच्या मागून. सईचा आवाज एकदा अडखळला, आणि मग तिनं तो मोठा केला. मी वाट बघत होते, आता गाठतील, आता गाठतील. मैलांमागून मैल गेले. ते मागेच होते. झाकणं झिणझिणत होती, आणि त्या दोघांच्या मधून ते तिसरंच काहीतरी पहिल्यांदा ऐकू यायला लागलं. मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

बे एरियाकडे, म्हणजे आपल्या घराकडे, वळण्याचा बोर्ड आला. कागद माझ्या मांडीवर, पण बोलून ते मोडायचं धाडस मला होईना. मी आरशात बघितलं. यांनी बोर्ड वाचला होता. तोंड उघडलं, भुवया वर गेल्या, मानेची शीर ताठली. आणि तोंड मिटलं. अंगठे चालू राहिले. एक्झिट गेलं.

सॅक्रामेंटोचे बोर्ड दिसायला लागले तेव्हा सई थांबली. "मावशी, आपलं एक्झिट मिस झालं?"

"झालं," मी म्हटलं.

"असू दे," मागून आवाज आला. "तू हो पुढे."

ऑगस्टमध्ये सई गेली. नंतर संध्याकाळी मी पोळ्या करत असले की वरून गाणं ऐकू यायचं. मला वाटलं होतं, आता एकटेच आहेत, दोन्ही भाग भरून टाकतील, येत होतेच की दोन्ही. पण नाही. सईच्या सुरांच्या जागी पायाची टाच जमिनीवर पडायची, आमच्या छताला ती ठक् अशी कळायची, आणि तिच्या मागून यांचा सूर. रोज. गाठलं नाही त्यांनी कधी.

पुढे त्यांचा कंपनीतला ग्रुप देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला हलला आणि दोघं नवराबायको तिकडे गेली. निघण्याच्या तारखेच्या कितीतरी आधी त्यांचे खोके बांधून तयार होते, हे सांगायला नकोच. आता वर एक शांत जोडपं राहतं. पाऊलसुद्धा वाजत नाही. संध्याकाळी पोळी लाटताना माझं लाटणं अजून मध्येच थांबतं, आणि मी वर बघते.